सोळावा आकडा

शून्यताईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं रुग्णालयात कुणी उरलं नव्हतं. पगाराच्या यादीत ते नाव होतं, गळ्यातल्या ओळखपत्रावरही होतं. पण कुणी नवखा माणूस नोंदणी विभागात येऊन ते नाव घेऊन चौकशी करू लागला, की खिडकीवरचा कारकून आधी डोकं खाजवायचा आणि मग म्हणायचा, "शून्यताई होय? मग तसं सांगा की. त्या काय तिथं बसल्यात, प्रिंटरशी भांडत."

हे नाव पडलं त्याला एकवीस वर्षं झाली होती. कागदी वह्या जाऊन कॉम्प्युटर नुकते आले होते आणि जुन्या रुग्णांचे नंबर तक्त्यात चढवायचं काम सगळ्यांनी मिळून ताईंच्या गळ्यात मारलं होतं. जुने नंबर शून्यानं सुरू व्हायचे. ००३१७२ असा नंबर लिहून एंटर मारलं, की कॉम्प्युटर पुढची दोन शून्यं गिळून टाकायचा आणि ३१७२ एवढंच ठेवायचा. त्याच्या लेखी पुढच्या शून्याला किंमतच नाही. पण ३१७२ हा नव्या नोंदणीतला भलताच कुणी माणूस असायचा. एकदा गुडघे दुखतात म्हणून आलेल्या एका आजोबांच्या हातात बाळंतपणाचे कागद पडले. सगळा विभाग पोट धरधरून हसला, आजोबाही हसले. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेका नंबराच्या आधी, वरच्या बाजूला लटकणारी एक बारीकशी खूण टाकायला सुरुवात केली. ती खूण टाकली की कॉम्प्युटर आकड्यांना आकडे न समजता अक्षरं समजतो आणि त्यांच्या वाटेला जात नाही. असे अकरा हजार नंबर त्यांनी एकटीनं सुधारले. चार महिने लागले.

तेव्हापासून नंबर म्हटला की शून्यताई. कुणाचा नंबर सापडत नाही, ताईंना विचारा. दोघांच्या फायली एक झाल्या, ताईंकडे द्या. साहेब बदलत गेले, कॉम्प्युटर बदलत गेले, खिडकीवरचे कारकून तर ऋतूसारखे बदलले, पण ताईंच्या टेबलावरून गेलेला कागद पुन्हा तपासायचा नाही हा रिवाज बदलला नाही. "ताईंच्या हातून गेलंय ना? मग काय बघायचं त्यात?" हे वाक्य त्या विभागात रोज कुणी ना कुणी म्हणायचंच. ताईंच्या कानावर ते पडलं की त्या चष्मा वर सरकवायच्या आणि ऐकलंच नाही असं दाखवायच्या. पण ऐकलेलं असायचं, आणि आवडलेलंही असायचं. माणूसच आहे, त्यात काय मोठंसं.

घरी त्यांचं हे वेड चालायचं नाही. नवऱ्याचं जिन्याखाली किल्ल्या बनवायचं दुकान होतं. तो दिवसभर कानस घासायचा आणि बोलायचा मोजकं. ताई जेवताना शून्यांच्या गोष्टी सांगू लागल्या की तो म्हणायचा, "किल्लीचे चार दात बरोबर असले आणि पाचवा चुकला, तर किल्ली कुलपात जाते. फिरत मात्र नाही. आणि लोकांना वाटतं कुलूप खराब आहे." ताईंना वाटायचं, हा आपलंच घोडं पुढं दामटतोय. त्या वाढायला उठून जायच्या.

तीन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला आणि रुग्णालयाचे नंबर सोळा आकडी झाले. पहिले चार आकडे रुग्णालयाचे, मग आठ आकडे तारखेचे, आणि शेवटचे चार त्या दिवशी तुम्ही कितवे आलात त्याचे. सगळ्या विभागानं कपाळाला हात लावला. ताईंनी मात्र ती रचना पाहिली आणि त्यांना ती पसंत पडली. आता एक नंबर दोघांना मिळणं अशक्य होतं. त्या म्हणायच्या, "नावं एकसारखी असतात हो. एका गल्लीत एकाच नावाच्या तीन बायका सापडतील. नंबर तेवढा एकट्याचा असतो."

आणि बाळांना तर नावच नसतं. जन्मलेल्या बाळाच्या कागदावर 'मुलगा' नाहीतर 'मुलगी' एवढंच लिहिलेलं असतं, खाली आईचं नाव, आणि वर सोळा आकडे.

झालं ते या बाळांच्याच यादीत झालं.

रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची कानाची चाचणी व्हायची. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक नळी घालायची, यंत्र बारीक आवाज सोडणार, कान उत्तर देतो का ते पाहणार. ज्यांच्याकडून उत्तर आलं नाही अशा बाळांना तीन महिन्यांनी पत्र पाठवून पुन्हा बोलवायचं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ताईंना एकदा समजावलं होतं, "बहुतेक बाळं दुसऱ्या वेळी ठीक निघतात. कानात पाणी राहिलेलं असतं, दुसरं काही नसतं. पण चार-पाच जणांना खरोखरच ऐकू येत नसतं. त्यांना सहा महिन्यांच्या आत कानाला यंत्र लागलं, तर बोलणं वेळेवर येतं. उशीर झाला की मग ओढाताण." ताईंनी ते पक्कं लक्षात ठेवलं होतं. त्यामुळे ही यादी त्या दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत.

एरवी चाचणीच्या खोलीतली तपासनीस बाई यादी कागदावर द्यायची आणि ताई एकेक नंबर खूण टाकून हातानं चढवायच्या. या वेळी यादी आयतीच आली. यंत्रातून थेट पेन ड्राइव्हवर उतरवलेली, दोनशे बारा बाळांची. तपासनीस बाई म्हणाली, "घ्या ताई, तुमचे आठ दिवस वाचले." ताईंनी फाइल उघडली. नंबरांच्या कॉलममध्ये भलतंच काहीतरी दिसत होतं, चारावर टिंब, मध्येच इंग्रजी अक्षर, अधिक पंधरा. नवखा माणूस घाबरला असता. ताई कसल्या घाबरतात. त्यांनी कॉलम रुंद केला, नंबर पूर्ण दिसतील असं केलं, सोळाच्या सोळा आकडे ओळीनं उभे राहिले, आणि वर आपली खूण टाकून त्यांना जागेवर घट्ट बसवलं. मग साहेबांचा निरोप आला, काही बाळांची चाचणी दोनदा झाली असेल, तेव्हा दुबार नोंदी तेवढ्या काढून टाका. ताईंनी नंबर जुळवून दुबार नोंदी काढल्या. स्क्रीनवर उत्तर आलं, तीन काढल्या, दोनशे नऊ राहिल्या. तीन म्हणजे अंदाजाला धरून होतं. ताईंनी फाइल सेव्ह केली आणि पत्रं छापायला घेतली. कुणी तपासलं नाही. ताईंच्या हातून गेलं होतं ना.

पण त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. काय खुपतंय ते मात्र कळेना. पाकिटं बंद करताना त्या दोनदा थांबल्या, एक पाकीट उघडून पाहिलं, पत्ता बरोबर होता, पुन्हा चिकटवलं. घरी भाजी निवडताना हात थांबायचे. नवरा विचारायचा, "काय झालं?" त्या म्हणायच्या, "कुठं काय." खुर्चीवर बसल्या की उठावंसं वाटायचं, उठल्या की कशाला उठलो ते आठवायचं नाही. पायात खडा असावा आणि चप्पल झटकली तर काही पडू नये, तसं चाललं होतं. आठवडे गेले, कामं आली, भुणभुण तेवढी राहिली.

सात आठवड्यांनी एक बाप खिडकीवर आला. जुळ्यांचा बाप, दोन्ही हातांवर एकेक, आणि पत्र दातांत धरलेलं. कारकुनानं पत्र सोडवून घेतलं. बाप म्हणाला, "जन्माच्या वेळी दोघांचीही चाचणी नापास होती. पत्र एकीचंच आलंय. दुसरीला नको का आणायला? मी आणली आपली, पण म्हटलं विचारावं."

"टपालात गहाळ झालं असेल दुसरं," कारकून म्हणाला आणि ताईंकडे वळला. "ताई, जरा बघता?"

ताईंनी बघितलं. दुसऱ्या मुलीच्या कार्डावरचा नंबर ३४ वर संपत होता. यादीत तो नव्हता. मग पहिलीचा शोधला. तिच्या कार्डावर शेवटी ३३ होतं. तोही यादीत नव्हता. आईच्या नावावरून शोधलं तेव्हा पहिली सापडली, आणि तिच्यापुढे नंबर होता ३० वर संपणारा.

ताईंनी कॉलमवरून खाली नजर टाकली. मग वर. मग पुन्हा खाली. दोनशे नऊ नंबर होते आणि एकूण एक शून्यावर संपत होता.

 एकवीस वर्षं त्या पुढच्या शून्यांवर पहारा देत बसल्या होत्या आणि चोर मागच्या दारानं आला होता. नंतर चौकशी केल्यावर त्यांना कळलं, की हा तक्ता पंधरा आकड्यांपर्यंतच नंबर खरा धरतो. सोळावा आला की तो निमूटपणे पुसतो आणि तिथं शून्य बसवतो. फाइल उघडताक्षणीच ते घडून गेलं होतं. ताईंनी टाकलेली खूण मोडक्या नंबरांवर पडली होती. एकापाठोपाठ नोंदवलेल्या जुळ्या बहिणी ३३ आणि ३४ च्या दोघीही ३० झाल्या, आणि कॉम्प्युटरनं त्यांतल्या एकीला दुबार म्हणून काढून टाकलं. काढून टाकलं कुणी? कॉम्प्युटरनं नाही. ताईंनी बटण दाबलं होतं.

"काय झालं ताई?" बापानं विचारलं.

"पत्र गेलंच नाही," ताई म्हणाल्या. "चूक आमची आहे. दोघींना आत घेऊन जा, मी सांगते डॉक्टरीणबाईंना."

दुबार म्हणून काढलेल्या तिघांतली एक सापडली होती. दोन बाळं अजून कुठंतरी होती.

ताई साहेबांकडे गेल्या. साहेब तरुण होते, वाईट नव्हते, फक्त त्यांना आवाज झालेला आवडत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन बोटांत फिरवत म्हणाले, "म्हणजे तीनच ना? त्यातली एक आलीच."

"दोन राहिली साहेब."

"आईबापांना कळतंच हो. मुलाला ऐकू येत नसेल तर आणतील की ते. आले की लगेच बघू. उगाच गावभर बोभाटा कशाला? आणि ताई, नाव तुमचं येईल. निवृत्तीला किती राहिलीत, पाच वर्षं?"

"साडेपाच."

"बघा बुवा. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

ताई बाहेर आल्या. चहा घेतला, तो तसाच निवला. आता हे कबूल करायला हवं, की एक तासभर त्यांनाही साहेबांचं म्हणणं गोड वाटलं. बहुतेक बाळं दुसऱ्या चाचणीत ठीक निघतात, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. ही दोन्हीही ठीक असतील. पाणी राहिलं असेल कानात. त्या टेबलापाशी बसल्या, उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. कारकून म्हणाला, "ताई, बसा की. तुम्हाला बघून मला गरगरायला लागलंय." तेव्हा त्या तडक जिना चढून चाचणीच्या खोलीत गेल्या.

मूळ फाइल राहिली नव्हती. पेन ड्राइव्हवरच्या फाइलवरच ताईंनी बदल केले होते, आणि यंत्र मधल्या काळात बदललं होतं, जुन्याची आठवण पुसून. पण तपासनीस बाई जुन्या वळणाची. यंत्र काहीही म्हणो, ती रोजची चाचणी एका जाड वहीत हातानं लिहायची. नवे लोक त्या वहीला हसायचे. ताईंनी ती वही छातीशी धरून खाली आणली.

तीन महिन्यांत चाचणी झालेली बाळं हजाराच्या वर होती. नापास ओळींपुढे फुली होती. ताईंनी यादी छापून घेतली आणि आईच्या नावावरून एकेक फुली जुळवायला लागल्या. तपासनीस बाईचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. दोन दिवस गेले. पन्नास जुळल्या की ताईंना वाटायचं एखादी नजरेतून सुटली, की पुन्हा पहिलीपासून. शुक्रवारी दुपारी हिशेब लागला. एक, सापडलेली जुळी मुलगी. दोन, आणखी एका जुळ्या जोडीतला मुलगा. त्याच्या घरी फोन लागला, सोमवारी आणतो म्हणाले. आणि तिसरी एक मुलगी. ही कुणाची जुळी नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्याच सकाळी मुलगा झाला होता, त्याचा नंबर १२ वर संपत होता, हिचा १७ वर. दोघंही १० झाले. मुलगा यादीत राहिला, मुलगी गेली.

तिच्या घरचा फोन बंद होता. तिच्या जन्माला पाच महिने व्हायला चार दिवस होते.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. सुटी झाल्यावर ताई पत्ता घेऊन निघाल्या. नवऱ्याला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "मी येऊ?" त्या म्हणाल्या, "नको. चूक माझी आहे, तोंडही माझंच दिसू दे."

पत्त्यावरचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि त्याला कुलूप होतं. शेजारणीनं दार किलकिलं केलं. "ते तर गेले दोन महिने झाले. त्याला पत्र्याच्या कारखान्यात काम लागलं ना, तिथंच वर खोली मिळाली." कुठला कारखाना, ते तिला ठाऊक नव्हतं. नदीकडच्या बाजूला, एवढंच. ताई नदीकडच्या रस्त्याला लागल्या. पत्र्याचं काम करणारी दुकानं तिथं एकाला लागून एक होती, नऊ का दहा. त्या प्रत्येक दुकानात शिरून विचारत राहिल्या. ठोकण्याच्या आवाजात प्रश्न तीनदा विचारावा लागे. एकानं त्यांना पिंप दाखवलं, त्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. चपलेचा अंगठा तुटला, तो त्यांनी रुमालानं बांधला. सातव्या दुकानात एका म्हाताऱ्या कारागिरानं हातोडा खाली ठेवला आणि जिन्याकडं बोट केलं.

जिना लोखंडी होता आणि खालच्या प्रत्येक घावाबरोबर हलत होता. वर एकच खोली. दारात एक तरुण बाई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. आत चटईवर मुलगी उताणी पडून पाय झाडत होती, गुबगुबीत, टकलू, डोळे लखलखीत.

"रुग्णालयातून आले," ताई म्हणाल्या. "बाळाची चौकशी करायला."

बाई एकदम खुलली. "अगंबाई, घरी येऊन बघता होय तुम्ही लोक? बसा ना मावशी. किती दमलात." तिनं पाणी आणलं, चूल पेटवायला लागली. ताई नको नको म्हणत राहिल्या. खाली कुणीतरी पत्र्याची अख्खी चादर फरशीवर टाकली. ताईंच्या हातातलं पाणी सांडलं. बाळ पाय झाडत राहिलं.

"आवाजाचं फार आहे हो इथं," बाई हसत म्हणाली. "मला पहिले आठ दिवस डोकं धरून बसायला लागलं. पण ही बघा. फार गुणी आहे. खाली दिवसभर धाडधाड चालतं, हिची झोप म्हणून मोडत नाही. सासूबाई म्हणतात, असं शांत लेकरू आमच्या घराण्यात झालं नाही."

 ताईंना वाटलं, उठावं आणि म्हणावं, छान आहे हो मुलगी, येते मी. सोमवारी पत्र पाठवावं, साधं, तारीख आणि वेळ घातलेलं. चहा समोर आला. त्यांनी तो हातात घेतला आणि खाली ठेवला.

"बाई, जरा इकडं या. तिच्या मागं बसा, तिला दिसणार नाही असं. आणि हाक मारा."

"का?"

"मारा तर."

बाईनं हाक मारली. लाडाची, घरात मारतात तशी. मुलगी ताईंच्या चष्म्यावरचा उजेड बघत होती, ती बघतच राहिली. बाईनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मग टाळी वाजवली. मग ताट उचलून त्यावर चमचा मारला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तिचा हात वरच राहिला. खालची ठोकाठोक चालूच होती. खोलीत ऐकायला येणारं दुसरं काही नव्हतं.

मग ताईंनी सगळं सांगितलं. चाचणी नापास होती, सात आठवड्यांपूर्वी पत्र यायला हवं होतं, ते आलं नाही, कारण तिचं नाव यादीतून निघालं. "मी काढलं. मुद्दाम नाही. पण माझ्याच हातानं निघालं."

बाईनं मुलीला उचलून घट्ट धरलं.  मग म्हणाली, "सात आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटले, किती गुणी आहे म्हणून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर ताईंना सोसलं असतं.

सोमवारी दोघी आल्या. ताई दारातच उभ्या होत्या. चाचणी झाली, मग झोपवून मोठी चाचणी झाली, मग कानाचे साचे घेतले. प्रत्येक गोष्टीला दिवस लागत होते आणि ताई ते टेबलावरच्या कॅलेंडरवर खोडत होत्या. यादीतून गळलेली ती दोन्ही जुळी बाळं ठीक निघाली, त्यांच्या कानात खरंच पाणी होतं. या मुलीला मात्र दोन्ही कानांनी फार थोडं ऐकू येत होतं. यंत्र लागलं तेव्हा ती सहा महिने अकरा दिवसांची होती.

ताईंनी साहेबांना लेखी खुलासा दिला, कुणी मागायच्या आधी, दोन पानी, एकही वाक्य झाकपाक न करता. साहेबांनी वैतागून तो वर पाठवला. वरून ठपका आला. त्या वर्षीची बढती गेली. विभागात काही दिवस कुणी त्यांच्या डोळ्याला डोळा देईना, मग सगळे पूर्वीसारखे बोलू लागले. शून्यताई हे नावही चालू राहिलं. ते आता त्यांना बोचत होतं, पण त्यांनी कुणाला अडवलं नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. ताईंच्या हातून गेलेला कागद आता दुसरं कुणीतरी तपासतं. तसा हट्टच त्यांनी धरला. आयती फाइल थेट उघडायची नाही, आधी नंबरांचा कॉलम अक्षरं म्हणून घ्यायचा. कुठलेही दहा नंबर काढून शेवटचा आकडा कागदाशी पडताळायचा. आधी किती होते, नंतर किती उरले, ते पेन्सिलनं मागं लिहायचं, आणि कमी झाले असतील तर एकेकाचं कारण लिहायचं. नवा कारकून कुरकुरला, की ताई म्हणतात, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस रे बाबा. मोज."

आणि ते अकरा दिवस. त्यांचं काय करायचं ते ताईंना आजवर कळलेलं नाही. डॉक्टरीणबाईंना त्यांनी तीनदा विचारलं, अकरा दिवसांनी काय फरक पडला? पहिल्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिने म्हणजे काही भिंत नव्हे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, असं तुकडा पाडून सांगता येत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी ताईंच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. घरी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो कानस थांबवून म्हणाला, "किल्ली फिरेल की नाही ते लावून बघितल्यावरच कळतं." या वेळी ताई उठून गेल्या नाहीत.

मुलगी दर तीन महिन्यांनी येते. यंत्र तपासायला, बोलण्याच्या शिकवणीला. आई ताईंशी कामापुरतं बोलते. मावशी म्हणत नाही, पण तोंडही फिरवत नाही. ताई त्या दिवशी सकाळपासून उठबस करतात आणि कारकुनाला उठवून खिडकीवर स्वतः बसतात.

परवा मुलगी आली ती साडेतीन वर्षांची होऊन. आईनं तिला स्टुलावर उभं केलं. "शिकवणीच्या बाईंनी सांगितलंय, रोज आकडे वाचायला लावा. कार्डावरचे तीच वाचणार म्हणते. चालेल?" आणि जरा थांबून म्हणाली, "स अजून येत नाही तिला. तो बारीक आवाज असतो ना, यंत्रातूनही नीट पोचत नाही म्हणतात."

मागं रांग होती. कुणीतरी घड्याळ पाहिलं. ताईंनी बोटं कीबोर्डवर ठेवली. "वाच."

"चार," मुलगी म्हणाली. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून, मान हलवून. "शून्य. एक. दोन." शून्यातला श जरा घसरला, पण शून्य होतं ते. तारखेचे आठ आकडे गेले, त्यात दोनदा ती चुकली आणि स्वतःच मागं आली. रांगेतला माणूस आता घड्याळ बघत नव्हता. "शून्य. शून्य. एक."

आणि ती थांबली. बोट शेवटच्या आकड्यावर होतं. दुसऱ्या हातानं तिनं कानामागचं यंत्र चाचपलं आणि आईकडं पाहिलं. आईनं तिला पुन्हा कार्डच दाखवलं.

ताईंना तो आकडा झोपेतही सांगता आला असता. पंधरा आकडे स्क्रीनवर उभे होते आणि सोळाव्याची जागा मोकळी होती. त्यांनी ती भरली नाही. त्या ओठ घट्ट मिटून बसून राहिल्या.

मुलीनं जीभ दातांमागं लावली, सोडली, पुन्हा लावली. 'तात' आणि 'सात' यांच्या मधलं काहीतरी तोंडातून आलं, वाऱ्याचा बारीक सुस्कारा असलेलं.

शून्यताईंनी सात लिहिला. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि तो सातच राहिलाय ना, हे दोनदा बघितलं.